पिंपळाला सलाईन

पिंपळ मारायचा म्हटला तर मरत नाही. आमच्या परभणीत तो पाण्याच्या टाकीच्या सांध्यात उगवतो, बंद पडलेल्या थेटराच्या सज्ज्यावर उगवतो, कचेरीच्या पन्हाळात उगवतो. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही. उलट कधीतरी कुणी शिडी लावून त्याला उपटायला चढतं, वरचे फाटे मोडून खाली उतरतं, आणि पुढच्या वर्षी तो दुप्पट जाड होऊन तिथंच हजर असतो. असलं हे चिवट झाड आमच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरायला टेकलं होतं. आणि घरातलं एकही माणूस त्याच्या वाईटावर नव्हतं.

झाड आत्यांचं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, मग नातं असो की नसो. वालूरच्या घराच्या मागच्या भिंतीत हे रोप उगवलं होतं, आणि तिथं राहणारे माझे थोरले दीर ते उपटून फेकणार होते, कारण पिंपळ एकदा भिंतीत शिरला की भिंत फोडूनच बाहेर येतो. आत्यांनी त्यांना अडवलं. भिंतीला तांब्याभर पाणी पाजलं, माती भिजू दिली आणि रोप मुळासकट अलगद ओढून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. पुढं डोळ्याच्या ऑपरेशनला त्या आमच्याकडं परभणीला आल्या तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हा डबा होता.

ऑपरेशन झालं, डोळा उत्तम झाला, पण आम्ही त्यांना परत जाऊ दिलं नाही. आधी म्हटलं, उन्हाळा जाऊ द्या. मग म्हटलं, पावसात गावात चिखल असतो. मग त्यांचे गुडघे निघाले, आणि दवाखाना काय आमच्या गल्लीच्या तोंडालाच. आमची मुलगी शिकायला नांदेडला गेलेली, घर खायला उठायचं, त्यामुळं आत्या असल्या की आम्हालाच बरं वाटायचं हेही खरं. त्या दर महिन्या-दोन महिन्याला "आता जाते बाई" म्हणायच्या आणि आम्ही दर वेळी नवं कारण शोधून ठेवायचो.

दसऱ्याच्या सुमारास वालूरहून फोन आला. गावचं विहार नव्यानं बांधून झालं होतं, आणि महिला मंडळानं ठरवलं होतं की येत्या बुद्धपौर्णिमेला अंगणात बोधीवृक्ष लावायचा. फोन मंडळाच्या अध्यक्षबाईंचा. त्या आत्यांच्या बरोबरीच्या, एका दिवशी लग्न होऊन गावात आलेल्या, आणि आवाज असा की फोन स्पीकरवर न ठेवताही मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"नर्सरीतनं इकत आनावं मनतेत समद्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"इकत कामून?" आत्या म्हणाल्या. "माझ्याकडं हाय की. आपल्याच मातीतलं हाय. मी आनते."

"बघ बाई. तू आता शहराची झालीस. ऐन टायमाला इसरशील आन आमी खड्डा खांदून बसू."

त्या हसत म्हणाल्या असतील, पण आत्यांना ते लागलं. फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडं आल्या, "शहराची झाले म्हनती!" असं म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. झोपायच्या आधी परत एकदा मला. तेव्हापासून ते झाड नुसतं झाड राहिलं नाही, तो आत्यांनी गावाला दिलेला शब्द झाला. पौर्णिमेला ते विहाराच्या अंगणात उभं राहिलं तर आत्या वालूरच्या, नाही तर परभणीच्या. असा साधा हिशोब होता.

त्यामुळं डब्याची बढती झाली. गॅलरीतून तो हॉलमध्ये आला, बुद्धमूर्तीच्या शेजारी, जिथं आत्या रोज संध्याकाळी वंदना घ्यायच्या. आता तेलाचा गंजका डबा नव्या फरशीवर ठेवला की काय होतं? लाल गोल डाग पडला. पंचायत समितीत कारकुनी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला डाग, मग तो कागदावरचा असो की फरशीवरचा, सहन होत नाही. त्यानं बाजारातून एक पांढरीशुभ्र चिनी मातीची मोठी कुंडी आणली, तिच्यावर सोनेरी हत्ती. डबा तिच्यात असा फिट बसला की जणू मापं घेऊनच केली होती. "आता बघ," तो म्हणाला, "कितीबी पाणी घाल, एक थेंब खाली येत न्हाई." त्या कुंडीचं त्याला याच गोष्टीचं कौतुक होतं.

माघ लागला आणि पानं पिवळी पडायला लागली. आधी खालचं एक, मग त्याच्या वरचं, मग सकाळी उठावं तर फरशीवर चार-पाच पानं पडलेली. आत्या ती पानं उचलून मूर्तीपुढं ठेवायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. माझ्याकडं बघायचं कारण म्हणजे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. घरात कुणालाही, कशालाही काही झालं की सगळे माझ्याकडं बघतात, मग ते मिक्सर का असेना.

माझ्या धंद्यानं माझा स्वभाव थोडा खडूस झालाय, हे मला मान्य आहे. रिपोर्ट आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही आणि दुसऱ्यानं उघडलं तर माझं डोकं फिरतं. आणि आमच्या भागात तर तपासणीआधीच इलाज सुरू होतो. सलाईनवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा कुठल्याच डॉक्टरवर नाही. ताप आला, लाव सलाईन. अशक्तपणा आला, लाव सलाईन. वरातीत नाचून दमलेले दोघं भाऊ दुसऱ्या दिवशी शेजारशेजारच्या खाटांवर सलाईन लावून गप्पा मारत पडलेले मी स्वतः पाहिलेत. बाटलीतून थेंब पडताना दिसला की माणसाला बरं वाटायला लागतं, आत काय आहे ते कुणी विचारत नाही.

पिंपळाचंही तसंच झालं. आत्या सकाळी एक तांब्या पाणी घालायच्या. ऑफिसला जाताना नवरा आपला एक ग्लास ओतायचा, आईला दिसेल असा. समोरच्या घरातल्या काकू आल्या, त्यांचं मानवतकडं शेत आहे, म्हणजे त्यांचा शब्द शेतकऱ्याचा शब्द. "झाडाला गरमी झालीया," त्या म्हणाल्या, आणि रोज दुपारी ताकाचं भांडं धुतलेलं पाणी आणून घालायला लागल्या. सोनपेठहून नणंदेनं फोनवरून चहाचा चोथा सुचवला. वंदनेला येणाऱ्या बायाबापड्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायच्या, आणि एक झाडापुढंही, थेट डब्याच्या मातीत खोचून. अगरबत्त्यासुद्धा तिथंच. आजारी माणसाला भेटायला येतात तशी माणसं येत होती आणि रिकाम्या हातानं कुणीच येत नव्हतं.

एका रविवारी मी बाजारातून आले तर हॉलमधल्या खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली लटकत होती. खरीखुरी, नळी आणि थेंब कमी-जास्त करायच्या चाकासकट. नवऱ्यानं गल्लीच्या तोंडाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून रिकामी बाटली आणली होती, साधं पाणी भरलं होतं आणि नळीचं टोक डब्यातल्या मातीत खुपसलं होतं. टप. टप. टप. आत्या खुर्चीत बसून त्या थेंबांकडं समाधानानं बघत होत्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ठिबक," नवरा म्हणाला.

"सलाईन," आत्या म्हणाल्या. "आता बरं वाटंल त्याला."

"अहो, आधी झालंय काय ते तरी बघा. तपासणी नाही, काही नाही, अन् लावलं सलाईन!"

"तू काय झाडाचं रक्त काढनार हाईस का?" नवऱ्यानं विचारलं, आणि मायलेक दोघं खदखदून हसले. मी भाजीची पिशवी घेऊन आत गेले. खरं सांगायचं तर मला तपासण्यांचा टोमणा झोंबायचं दुसरं कारणही होतं. त्या हिवाळ्यात आत्याही कुरकुरत होत्या. हातपाय गळाल्यासारखे वाटतात, जेवण जात नाही, दुपारी नुसतं पडून राहावंसं वाटतं. मी त्यांचं रक्त स्वतःच्या हातानं काढलं होतं आणि जे जे तपासता येईल ते तपासलं होतं. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळं जागच्या जागी. "आत्या, रिपोर्ट एकदम नॉर्मल हायेत," मी खूश होऊन सांगितलं, तर त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "मंग मला व्हायलंय ते काय खोटं हाय का?"  झाडाच्या बाबतीत तरी मला याचं उत्तर शोधायचं होतं.

उलगडा झाला तो रस्त्यावर. मी स्कुटीवर रोज लॅबला जाते त्या वाटेवर एक जुना दांडगा पिंपळ आहे. त्याच्याखाली एक चहावाला आहे, म्हणून माझं तिथं थांबणं होतं. फाल्गुनातल्या एका सकाळी चहा घेताना माझ्या कपात वरून काहीतरी पडलं. बघितलं तर पानाच्या कोंबाचं गुलाबी टरफल. वर पाहिलं तर काही दिवसांपूर्वीपर्यंत खराट्यासारखं उभं असलेलं ते अख्खं झाड तांबूस, लवलवत्या पानांनी भरून गेलेलं. मी तिथं रस्त्यावरच कपाळावर हात मारून घेतला. अहो, माघात पिंपळाची पानं गळतातच! दरवर्षी गळतात, सगळ्यांची गळतात. आमच्या पिंपळाला माघात काहीही झालेलं नव्हतं. तो निरोगी होता, आणि निरोगी असताना आम्ही त्याच्यावर इलाज सुरू केला होता.

पण मग रस्त्यावरचे सगळे पिंपळ पालवले, आमचा का नाही? म्हणजे आता त्याला खरंच काहीतरी झालं होतं. आणि ते आम्हीच केलं होतं. पौर्णिमा वैशाखात, म्हणजे हातात फार दिवस उरले नव्हते. चहा अर्धा टाकून मी निघाले.

त्या रविवारी मी जाहीर केलं की आज तपासणी होणार आणि कुणीही मध्ये बोलणार नाही. आधी नखानं शेंड्याची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. थोडं खाली खरवडलं, तिथंही कोरडं. अगदी बुडाजवळ, मातीपासून वीतभर वर, खरवडलं आणि सालीखाली हिरवी रेघ दिसली, ओली आणि ताजी.

"हाय का?" आत्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

मग मातीकडं वळले. वरचा थर कडक लागला म्हणून चाकू घातला तर मेणाची पापडी निघाली, इतक्या सगळ्या संध्याकाळींच्या मेणबत्त्यांची, तिच्यात अगरबत्तीच्या काड्या उभ्या. तिच्याखाली चहाचा चोथा, त्याच्यावर पांढरी बुरशी. नवऱ्याला म्हटलं, डबा उचला. त्यानं दोन्ही हातांनी डबा सोनेरी हत्तींच्या कुंडीतून वर ओढला, आणि जो वास सुटला तो मी लॅबमध्येसुद्धा फार वेळा घेतलेला नाही. कुंडीत निम्म्यापर्यंत काळं पाणी साठलं होतं. गंजून डब्याच्या बुडाला भोकं पडलेली होती, तिथून पाणी बिचारं खाली उतरत होतं, पण कुंडीला भोकच नव्हतं. आत्यांचा तांब्या, नवऱ्याचा ग्लास, काकूंचं ताक आणि कंपाउंडरची बाटली, सगळं तिथं जमून मुरत होतं आणि झाड त्यात पाय बुडवून उभं होतं. एक थेंब खाली येत नव्हता, हे मात्र खरं.

नवरा डबा हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा बघून मला टोमणा मारवला नाही, आणि मी सहसा अशी संधी सोडत नाही.

"म्हंजे आपूनच बुडवलं त्येला," आत्या म्हणाल्या. त्या खाटेवर बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. "आता म्या काय तोंड दाखवू त्या बायांला? शहराची झाले मनल्या, तसंच झालं की." मला फार वाईट वाटलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही. जवळ जाऊन मी म्हटलं, "आत्या, साल हिरवी हाय. हिरवं हाय तवर आपण हरलो न्हाई."

मग आम्ही गॅलरीत गोणपाट अंथरलं. डबा पत्र्याच्या कात्रीनं कापून उघडला, मातीचा गोळा बाहेर काढला आणि मुळं बादलीत हलक्या हातानं धुतली. सडलेली मुळं ओळखायला सोपी असतात, चिमटीत धरली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. ती मी ब्लेडनं कापत गेले, पांढरं, टणक लागेपर्यंत. शेवटी जी मुळं उरली ती माझ्या मुठीत मावतील एवढीच होती. वरचा वाळलेला शेंडाही उडवला. साधी मातीची कुंडी आणली होती. तिच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. दुधना नदीची वाळू, साधी माती आणि ओंजळभर जुनं शेणखत, असं कालवून झाड लावलं. एकदाच पाणी दिलं, आणि ते खालच्या भोकातून बाहेर आलेलं तिघांनीही वाकून बघितलं.

"आता औषध काय?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आता त्याला कुणी काहीही करायचं नाही."

हा इलाज आमच्या घराला सगळ्यात जड गेला. मी दवाखान्यासारखे नियम लावले. भेटायला येणाऱ्यांनी लांबून बघायचं. मेणबत्ती मूर्तीपुढं. ताकाचं पाणी काकूंनी आपल्या तुळशीला घालावं. पाणी घालायचा हक्क फक्त मला, तेही माती बोटभर खोल कोरडी लागली तरच. आत्यांना काहीच काम उरलं नाही तेव्हा मी त्यांना बोटाची नोकरी दिली, रोज सकाळी मातीत बोट घालायचं आणि मला सांगायचं, ओलं की कोरडं. त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, बोट घालायच्या, "वलंच हाय," म्हणायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. तांब्या हाताशी असून पाणी न घालणं म्हणजे त्यांना घरी आलेल्या पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं वाटत होतं.

नवऱ्याचा मात्र माझ्यावर भरवसा नव्हता. एक दिवस पार्किंगमध्ये, जिन्याखाली, मला काळ्या पिशवीत लावलेला नर्सरीतला पिंपळ दिसला. छातीएवढा उंच, पानांनी भरलेला.

"स्टेपनी हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आपलं न्हाई जगलं तर हे न्यायचं. पिंपळ तो पिंपळ. मायला कळनार न्हाई."

"अहो, त्यांनी भिंतीतून काढलेलं झाड त्यांना कळणार नाही?"

"आता हाय कुठं त्याला काही ओळखायला? नुसती काडी तर हाय."

मी भांडले नाही. कारण गॅलरीतली काडी ही काडीच होती आणि दिवस सरत होते, आणि मलाही आतून भीती वाटत होती. पण काही दिवसांनी पाहते तर स्टेपनीची पानंसुद्धा पिवळी पडायला लागलेली. माती चिखल झालेली. मी नवऱ्याकडं पाहिलं, त्यानं शपथ घेतली की तो पाणी घालत नाही. तेवढ्यात जिन्यावरून आत्या आल्या, गुडघ्यावर हात ठेवत, एक एक पायरी, दुसऱ्या हातात तांब्या.

आम्हाला बघून त्या थांबल्या, पण लाजल्या वगैरे नाहीत. "वरच्याला पाजू देत न्हाईस," त्या मला म्हणाल्या, "मनून ह्येला पाजायलेय. मला ठाव हाय कशापाई आनलंय ते." मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "हे चांगलं हाय रे. पन हे पाव्हनं हाय. ह्येला न्यायचं न्हाई. काडी तर काडी, मी माझीच नेईन. हसू दे कुनाला हसायचं ते." आणि उरलेलं पाणी ओतून त्या वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही ते झाड काकूंच्या शेतावर पाठवून दिलं, त्याचा जीव वाचावा म्हणून.

आणि मग चैत्र संपता संपता एका सकाळी मी डबा भरत असताना गॅलरीतून हाक आली. नुसतं "अगं ये!" मी पिठाच्या हातानं पळाले. आत्यांचं बोट मातीत नव्हतं, हवेत होतं. कापलेल्या शेंड्याच्या खाली, सालीतून, गव्हाच्या दाण्याएवढा टोकदार कोंब वर आला होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसलो. मला लॅबला उशीर झाला आणि तिथं बोलणी बसली, पण त्या दिवशी मला कुणाचंच काही लागलं नाही. पौर्णिमेपर्यंत त्या कोंबाची पानं झाली, तळहाताच्या रंगाची, इतकी पातळ की ऊन पलीकडून दिसावं.

पौर्णिमेला पहाटेच भाड्याच्या गाडीनं निघालो. आत्या पांढरी साडी नेसून पुढं बसलेल्या, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कुंडी. त्यांची पिशवी मी मागं ठेवली तेव्हा ती चांगलीच जड लागली. "एका दिवसाला एवढं काय घेतलंय?" मी विचारलं, तर "असू दे," म्हणाल्या.

विहाराच्या अंगणात पांढऱ्या साड्यांची दाटी झाली होती. अध्यक्षबाई पुढं आल्या, कुंडीकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंसंच? शहरात खायला घालत न्हाईत का गं?"

"लय घातलं," आत्या म्हणाल्या. "मनून तर अशी गत झाली." आणि मग त्यांनी तिथंच उभं राहून सगळी हकीकत सांगितली, सलाईनसकट. बाया पोट धरून हसत होत्या आणि माझा नवरा विहाराच्या रंगकामाची फार बारकाईनं पाहणी करत होता.

वंदना झाली. आत्यांनी तळहात मातीवर ठेवून, खोड बोटांत धरून, कुंडी उपडी केली आणि झाड खड्ड्यात बसवलं. माती लोटली. मी समाधानानं मागं सरले आणि तेव्हा माझं लक्ष बायांच्या हातांकडं गेलं. प्रत्येकीच्या हातात तांब्या होता. कुणाकडं कळशी, कुणाकडं पाण्याची बाटली. त्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक घरचं पाणी बोधीवृक्षाला पडलं पाहिजे, आणि अख्ख्या वस्तीची घरं ओळीनं उभी होती.

 मूठभर मुळं, दोन-चार पानं, आणि एवढं पाणी! मी आत्यांच्या दंडाला धरलं. "आत्या, थांबवा की त्यांना. परत बुडवतील."

आत्यांनी ओळीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "पाजू दे गं," त्या म्हणाल्या. "भुईला बूड नसतंय."

पहिला तांब्या रिकामा झाला. वैशाखाची ती काळी जमीन, बोट जाईल एवढ्या भेगा पडलेली. पाणी खड्ड्यात क्षणभर थांबलं, बुडबुडे आले आणि पाणी मुरलं. दुसरा तांब्या, तोही गेला. कळशी गेली. घराघराचं पाणी पडत होतं आणि भुई ते सगळं घेत होती, आणि मधोमध ती तांबूस पानं खुशाल हलत होती. रोजच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा तिथंच ठरल्या. मी माझं बोट मुठीत दाबून धरलं.

जेवणं झाली, ऊन कललं, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आत्या झाडाजवळ बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या, खाली, भुईवर, मांडी घालून. आमच्या घरात त्यांना खुर्चीशिवाय बसता येत नव्हतं.

"आता कवा येशील परत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"जायलंय कोन?" आत्या म्हणाल्या.

नवरा गडबडला. गुडघे, दवाखाना, गोळ्या, ऊन, त्यानं सगळी कारणं एका दमात मांडली. गोळ्या पिशवीत होत्या. लुगडी पिशवीत होती. थोरल्या जावेनं खाटसुद्धा आधीच टाकून ठेवली होती, म्हणजे हे आमच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण उद्या सकाळी गॅलरीत खुर्ची असेल आणि "वलंच हाय" म्हणायला कुणी नसेल. मी त्यांच्याजवळ बसले आणि शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "आत्या, आन तुमचा अशक्तपणा? हितं परत हातपाय गळाले तर?"

त्यांनी चिखलाच्या हातानं माझा गाल धरला. "तूच तर मनली व्हतीस की," त्या म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल हायेत मनून."

 मी रिकामी कुंडी उचलली आणि गाडीत जाऊन बसले.